अजून एक चेंडू टाकू द्यायचा का?

२४ ऑगस्ट १९५१ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात बेसबॉलचा एक सामना झाला. यजमान संघ ब्राउन्स. त्यांचे मॅनेजर झॅक टेलर सामनाभर झुलत्या खुर्चीत बसून होते आणि संघ चालवत होते डगआउटच्या, म्हणजे संघाच्या बाकांच्या, मागे बसलेले हजाराहून अधिक प्रेक्षक. त्यांच्या हातांत फलक दिले होते. एका बाजूला ‘हो’, दुसऱ्या बाजूला ‘नाही’. पेचाची वेळ आली की संघाचा माणूस त्यांच्यासमोर प्रश्नाची पाटी धरायचा, फलक वर जायचे आणि बहुमताचा निकाल मैदानात कळवला जायचा. संघात कोणाला घ्यायचं यासाठीही प्रेक्षकांनी आधीच मतं दिली होती.

पहिल्याच इनिंगमध्ये पाहुण्या अ‍ॅथलेटिक्स संघाने ब्राउन्सचा पिचर नेड गार्व्हर याला झोडपायला सुरुवात केली. पाटी वर आली: दुसरा पिचर तयार करायचा का? प्रेक्षकांनी सांगितलं, नाही. गार्व्हर टिकला, शेवटपर्यंत टिकला, आणि ब्राउन्स ५-३ असे जिंकले. प्रेक्षकांनी निवडलेल्या शर्म लोलरने होम रन मारला, त्यांच्याच पसंतीच्या हँक आर्फ्टने दोन धावा मिळवून दिल्या.

ही कल्पना होती संघाचे मालक बिल व्हेक यांची. त्या मोसमात ब्राउन्स १०२ सामने हरले होते, तेव्हा एका विजयावरून प्रेक्षकांना मॅनेजरपेक्षा हुशार ठरवता येणार नाही. मला नवल वाटतं ते असं मतदान मुळात घेता आलं याचं. फुटबॉलमध्ये किंवा कबड्डीत हे जमेल का? फलक वर जाईपर्यंत गोल झालेला असेल, रेडर परत गेलेला असेल. बेसबॉल मात्र थांबतो. प्रत्येक चेंडूनंतर थांबतो, आणि त्या थांबण्यात मॅनेजरच्या डोक्यात जो प्रश्न असतो तोच प्रश्न तिसाव्या रांगेत बसलेल्या आजोबांच्याही डोक्यात असतो. दोघांना तेच मैदान दिसतं, तोच धावफलक दिसतो आणि विचाराला वेळही सारखाच मिळतो. २०२३ पासून दोन चेंडूंमध्ये घड्याळ लावलं गेलं, त्यामुळे हा वेळ काही सेकंदांवर आला आहे. तरीही तेवढ्यात हजारो लोकांचं मत बनतं. हा खेळ बघणाऱ्याला निर्णयात ओढून घेतो. अमेरिकेत बेसबॉलचे चाहते आपल्या मॅनेजरशी वर्षभर, पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत असतात, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना या खेळाची आखणी ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, त्यांतला एक घरचा. पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो आणि बेस गाठत गाठत घरी परतला की एक धाव. मारून पहिला बेस गाठला तर सिंगल, दुसरा गाठला तर डबल, चेंडू कुंपणापलीकडे गेला तर होम रन; हे सगळे हिट. तीन जण बाद झाले की डाव पलटतो. प्रत्येक संघाच्या वाट्याला अशा नऊ इनिंग. नऊ बॅटर ठरलेल्या क्रमाने येतात आणि नववा झाला की पुन्हा पहिला.

क्रिकेटपेक्षा दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे मैदानावरचे निर्णय कर्णधार घेत नाही. ते घेतो डगआउटमध्ये बसलेला मॅनेजर, खेळाडूंसारखाच गणवेश घालून. दुसरी गोष्ट निर्दय आहे: एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार बुमराहला चार षटकं विश्रांती देऊन पुन्हा बोलावू शकतो. बेसबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतला की त्याचा दिवस संपला. म्हणून मॅनेजर पायऱ्या चढून पिचरकडे चालत निघाला की अख्खं स्टेडियम श्वास रोखतं. चेंडू काढून घेणार, की दोन शब्द बोलून माघारी फिरणार?

या खेळात कोणत्याही क्षणी परिस्थिती किती प्रकारची असू शकते हे मोजता येतं, आणि हे मला विलक्षण वाटतं. तीन बेसवर धावपटू असण्या-नसण्याच्या आठ तऱ्हा. बाद झालेले शून्य, एक किंवा दोन. आठ गुणिले तीन म्हणजे चोवीस. गेल्या शतकातली प्रत्येक इनिंग या चोवीस घरांमधूनच पुढे सरकली आहे. त्यामुळे प्रत्येक घरातून पुढे सरासरी किती धावा होतात याचा तक्ता करता येतो. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि कोणी बाद नाही, तेव्हा बॅटरने स्वतः बाद होऊन धावपटूला एक बेस पुढे ढकलावं का? पूर्वी हे शहाणपणाचं लक्षण समजलं जाई. तक्ता सांगतो की या सौद्यात अपेक्षित धावांची सरासरी घटते. आज कोणा मॅनेजरने सुरुवातीच्या इनिंगमध्ये असं केलं तर स्टेडियममधली शाळकरी पोरंही कपाळावर हात मारतात.

हे तक्ते आले ते नोंदींमुळे, आणि नोंदींची ही सवय क्रिकेटने दिली. हेन्‍री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे. १८५०च्या दशकात तो बेसबॉलच्या प्रेमात पडला आणि सामन्याचा सगळा हिशेब एका चौकटीत मांडण्याची पद्धत त्याने रुजवली. मैदानातल्या नऊ जागांना क्रमांक आहेत. चाहता मांडीवर कार्ड ठेवून पेन्सिलने ‘६-४-३’ एवढंच लिहितो. त्याचा अर्थ, शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवाल्याकडे फेकला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोन जण बाद झाले. तीन आकड्यांत सगळी हालचाल. १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातले जीवशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड स्मिथ यांनी रेट्रोशीट नावाची संस्था सुरू केली. जुन्या सामन्यांच्या अशा नोंदी शोधून, तपासून सर्वांसाठी खुल्या करायच्या हे तिचं काम, आणि ते स्वयंसेवक करतात. आजोबांनी पाहिलेल्या सामन्यातला पेच नातवाला अशा नोंदीतून पुन्हा मांडता येतो. वाद मिटत नाहीत याचं हेही एक कारण आहे. पुरावा शिल्लक असतो.

तरी सगळ्या वादांचा राजा एकच: थकत चाललेल्या पिचरला अजून एक चेंडू टाकू द्यायचा का?

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या जॅक चेस्ब्रोने ५१ सामन्यांत सुरुवात केली आणि त्यांतले ४८ एकट्याने शेवटपर्यंत टाकले. आज तीसही संघांचे मिळून अख्ख्या मोसमात असे चाळीस सामनेही होत नाहीत. ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू फेकत राहणं खांद्याला आणि कोपराला सोसवत नाही, हे कारण आहेच. पण दुसरं कारण जास्त रंजक आहे. त्याच पिचरसमोर बॅटर तिसऱ्यांदा येतो तेव्हा तो सरासरीने पहिल्या वेळेपेक्षा चांगला खेळतो. पिचर थकलेला असतो आणि बॅटरला त्याचा हात, त्याची लय, चेंडू वळायला लागण्याची जागा ओळखीची झालेली असते. त्यामुळे ताजा पण सामान्य पिचर हा थकलेल्या महान पिचरपेक्षा कधी बरा ठरतो, हा प्रश्न रोज रात्री नव्याने सोडवावा लागतो. त्यात डावा-उजवा हिशेबही आहे. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सहसा अवघड जातो. शिवाय बदली पिचरला बुलपेनमध्ये चेंडू टाकून अंग गरम करायला वेळ लागतो, म्हणून मॅनेजरला दोन-तीन बॅटर आधीच ठरवावं लागतं. म्हणजे संकट दिसायच्या आधी फोन करायला हवा.

हो, फोनच. डगआउटमधून बुलपेनला आजही फोनवर निरोप जातो. २०११ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, पाचव्या सामन्यात टेक्ससमधल्या गर्दीचा गलका इतका होता की सेंट लुईस कार्डिनल्सचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी सांगितलेली नावं पलीकडे नीट ऐकू गेली नाहीत. त्यांना जेसन मॉट हवा होता. तो तयारच नव्हता, म्हणून उजव्या हाताने मारणाऱ्या माइक नापोलीसमोर डावखुरा पिचर राहिला आणि नापोलीच्या फटक्यावर दोन धावा गेल्या. पुढे बुलपेनचं दार उघडलं, तर तिथून लान्स लिन बाहेर आला. घरोघरी चाहते ला रुसांनी हे काय ठरवलं म्हणून डोकं खाजवत होते, आणि प्रत्यक्षात त्यांनी तसं ठरवलंच नव्हतं. (कार्डिनल्सनी ती सिरीज शेवटी जिंकली.)

आता बॉस्टनला येऊ. थकलेल्या पिचरच्या प्रश्नाने एका शहराला जितकं छळलं तितकं क्वचितच कुणाला छळलं असेल.

बॉस्टन रेड सॉक्सने १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, पुढे बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकलं, आणि मग दशकामागून दशक विजेतेपदाविना गेलं. १६ ऑक्टोबर २००३ च्या रात्री ते यांकी स्टेडियममध्ये होते. सात सामन्यांच्या लढतीतला सातवा सामना. जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार. बॉस्टनसाठी पिचिंग करत होता पेद्रो मार्तिनेझ, त्या काळातला जगातल्या सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी एक. सातवी इनिंग संपवून तो आभाळाकडे बोट दाखवत परतला. काम झालं की तो असंच करी. त्याने १०० चेंडू टाकले होते. सहकाऱ्यांनी त्याला शाबासकी दिली. आठव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्तीझने होम रन मारला आणि बॉस्टनची आघाडी ५-२ झाली. आता सहा बाद हवे होते.

मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी पेद्रोला पुन्हा पाठवलं. त्या मोसमात शंभरेक चेंडूंनंतर पेद्रोला बॅटर सहज खेळू लागत, हे बॉस्टनच्या चाहत्यांना पाठ होतं. पहिला बॅटर बाद झाला. मग डेरेक जीटरचा डबल. बर्नी विल्यम्सचा सिंगल, ५-३. लिटल पायऱ्या चढून चालत निघाले. पुढचा बॅटर हिदेकी मात्सुई डावखुरा होता आणि बॉस्टनच्या बुलपेनमध्ये डावखुरा अ‍ॅलन एम्ब्री तयार होता. चाहत्यांच्या मनात बदल झालेलाच होता. लिटलनी विचारलं, ताकद आहे ना? पेद्रो म्हणाला, आहे. लिटल चेंडू न घेता परत फिरले.

मात्सुईचा डबल. होर्हे पोसादाचा अलगद पडलेला डबल, ५-५. पेद्रोचे १२३ चेंडू झाले तेव्हा लिटल पुन्हा चालत आले. अकराव्या इनिंगमध्ये एरन बून नावाच्या यांकीजच्या खेळाडूने होम रन मारून सामना संपवला. अकरा दिवसांनी रेड सॉक्सने लिटल यांचा करार वाढवणार नसल्याचं जाहीर केलं. त्यांनी दोन मोसमांत ९३ आणि ९५ सामने जिंकून दिले होते.

लिटल यांची बाजूही मला पटते. पेद्रोसारख्या माणसाने डोळ्यांत बघून ‘मी करतो’ म्हटल्यावर त्याला बाजूला करायला कुठलं काळीज लागतं? वर्षभर त्याच माणसाच्या खांद्यावर संघ इथवर आला होता. बुलपेनमधले पिचर त्या लढतीत उत्तम टाकत होते हे खरं, पण रात्रीच्या त्या घटकेला आपला सर्वोत्तम माणूस हातात असताना दुसऱ्यावर भिस्त ठेवणं सोपं नाही. पेद्रोने पुढे जबाबदारी स्वतःवर घेतली. तरीही माझ्या मते निर्णय चुकला, कारण आकडे आधीपासून समोर होते आणि एम्ब्रीचं अंग गरम झालेलं होतं.

बॉस्टनमधला तो हिवाळा कसा गेला असेल याची कल्पना करता येते. अमेरिकेत पूर्वी मोसम संपला की गावातल्या किराणा दुकानात, न्हाव्याकडे, पेटलेल्या शेगडीभोवती लोक जमत आणि पुढच्या वर्षीचा संघ ठरवत. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला डब्ल्यूएफएएन हे चोवीस तास केवळ खेळांवर बोलणारं रेडिओ स्टेशन सुरू झालं आणि ती शेगडी प्रत्येक गाडीत, प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचली. रात्री दोनला कामावरून परतणारा ड्रायव्हर फोन करून सांगू लागला की तिसऱ्या क्रमांकावर कोण यायला हवं. न्यू जर्सीत आणि बॉस्टनच्या उपनगरांत वाढलेली कितीतरी मराठी मुलंही आज याच भांडणात वाटेकरी आहेत, कुणी यांकीजकडून, कुणी रेड सॉक्सकडून.

अशा चाहत्यांपैकी एकाची गोष्ट तर परीकथेसारखी आहे. कॅन्ससमध्ये बिल जेम्स नावाचा तरुण डबाबंद घेवड्याच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहाऱ्यावरच्या रिकाम्या तासांत तो जुन्या धावफलकांवरून प्रश्न सोडवत बसे. पिचरचं यश किती त्याचं आणि किती मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांचं? बॅटरचं खरं मोल कशात? १९७७ मध्ये त्याने आपली उत्तरं स्वखर्चाने छापली. संघांच्या कार्यालयांनी बराच काळ त्याच्याकडे लक्ष दिलं नाही, चाहत्यांनी मात्र दिलं. पंचवीस वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, रेड सॉक्सने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं. त्याच सुमारास त्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या थिओ एपस्टीनकडे संघबांधणीची सूत्रं दिली. रेड सॉक्सच्या फेनवे पार्क मैदानापासून जवळच वाढलेला हा मुलगा. चाहत्यांचा वाद आता थेट कार्यालयात जाऊन बसला होता.

संघबांधणी हा वादाचा दुसरा आखाडा. मोसमात १६२ सामने, संघात २६ जागा (२०२० पूर्वी २५), आणि करारात बांधलेले एकूण ४०. कुणाचा खांदा दुखावला की खालच्या लीगमधून कुणाला आणायचं, कुणाला परत पाठवायचं, हे जवळजवळ रोज. शिवाय खेळाडूंची अदलाबदल. उन्हाळ्यात त्याची मुदत ठरलेली असते, आणि त्या दिवशी चाहते दर पाच मिनिटांनी बातम्या तपासतात. ३१ जुलै २००४ ला एपस्टीनने नोमार गार्सियापार्राला शिकागोला देऊन टाकलं. नोमार म्हणजे बॉस्टनचा लाडका. मुलांच्या पाठीवर त्याचा क्रमांक असे. बदल्यात आले चांगली फील्डिंग करणारे ओर्लांडो काब्रेरा आणि डग मिंट्‌केविच. शहर हळहळलं, चिडलं. त्याच दिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्‌स नावाचा एक राखीव खेळाडू आणला गेला. तो पळायला वेगवान होता. त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा यांकीज समोर होते. बॉस्टन ०-३ मागे. चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये एका धावेने पिछाडी, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलार पहिल्या बेसवर पोहोचला आणि नवे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी त्याच्या जागी रॉबर्ट्‌सला पळायला पाठवलं. तो बेस चोरणार, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसकडे धावणार, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं, रिव्हेरालाही. तरी त्याने चोरला. बिल म्युलरच्या सिंगलवर तो घरी आला, सामना बरोबरीत आला, बॉस्टनने तो जिंकला, मग सलग आणखी तीन जिंकले. ०-३ वरून सात सामन्यांची लढत जिंकणारा तो पहिला मेजर लीग संघ. वर्ल्ड सिरीज त्यांनी ४-० ने घेतली, शहाऐंशी वर्षांनी.

इथून पुढे हीच माणसं बाजू बदलून परत परत येतात, आणि तो योगायोग बघून मी थक्क होते.

डेव्ह रॉबर्ट्‌स २०१६ च्या मोसमात डॉजर्सचा मॅनेजर झाला. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ४-० अशी आघाडी असताना, अवघा एक हिट दिलेल्या रिच हिलला त्याने सातव्या इनिंगमध्ये बाहेर काढलं. रेड सॉक्सने तो सामना ९-६ ने जिंकला. खुद्द अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी सामना चालू असतानाच या निर्णयावर जाहीर टीका केली. पुढच्या वर्षी उलट झालं. मोसमात १०६ सामने जिंकलेल्या संघाच्या निर्णायक सामन्यात रॉबर्ट्‌सने क्लेटन कर्शॉला टाकू दिलं आणि त्याच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर वॉशिंग्टनने दोन होम रन मारले. काढलं तरी चूक, ठेवलं तरी चूक. लॉस एंजेलिसचे चाहते त्याला हटवा म्हणू लागले.

मग २०२०. फेब्रुवारीत रेड सॉक्सने आपला हिरा, मूकी बेट्‌स, डॉजर्सला दिला. त्याचा करार संपत आला होता आणि पगारांवरच्या कराचा बोजा होता. बॉस्टनमध्ये आजही हा विषय काढला की आवाज चढतो, आणि मी त्या चाहत्यांच्या बाजूने आहे. असा खेळाडू हिशेबाच्या वहीसाठी सोडायचा नसतो. त्याच ऑक्टोबरात, २७ तारखेला, वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सना जागच्या जागी खिळवत होता. ७३ चेंडू, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारता न येता बाद झालेले नऊ. बेट्‌स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर हे पहिले तिघे त्याच्यासमोर सहापैकी सहा वेळा स्ट्राइकआउट झाले होते. रेज १-० ने पुढे. सहाव्या इनिंगमध्ये एक बाद असताना स्नेलने दुसरा हिट दिला आणि मॅनेजर केव्हिन कॅश चालत निघाला. बेट्‌स आता तिसऱ्यांदा येणार होता.

कॅशने चेंडू काढून घेतला. स्नेलच्या जागी आलेल्या निक अँडरसनने त्याच्या आधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. बेट्‌सचा डबल, एक भरकटलेला चेंडू, १-१. सीगरच्या फटक्यावर बेट्‌स घरी, २-१. डॉजर्स ३-१ ने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही जिंकले. स्नेल गेला तेव्हा आपल्याला आनंदच झाला होता, असं रॉबर्ट्‌सने नंतर सांगितलं.

लिटलनी आकडे बाजूला ठेवून माणसावर विश्वास ठेवला, कॅशने समोरचा माणूस बाजूला ठेवून आकड्यांवर. दोघांनाही चाहत्यांनी आजवर माफ केलेलं नाही. मात्र यावरून चाहत्यांना दुटप्पी म्हणणं मला मान्य नाही. तिसऱ्या फेरीचा नियम हजारो सामन्यांच्या सरासरीतून आलेला आहे, आणि स्नेल त्या रात्री सरासरी नव्हता. नियम लागू करताना आज समोर काय चाललं आहे हेही बघायला हवं, आणि बदली येणारा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हेही. लिटल आणि कॅश या दोघांच्या टीकाकारांचा आग्रह खरं तर एकच होता: हातातली सगळी माहिती वापरा.

एरन बूनचंही ऐका. २००३ चा तो नायक २०१८ च्या मोसमात यांकीजचा मॅनेजर झाला. २५ ऑक्टोबर २०२४ ला वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये ३-२ अशी आघाडी असताना त्याने दुखापतीमुळे महिन्याहून अधिक काळ सामना न खेळलेल्या नेस्टर कोर्तेझला डॉजर्सच्या शोहेई ओहतानीसमोर आणलं. दुसरा डावखुरा, टिम हिल, तयार असताना. कोर्तेझच्या पहिल्याच चेंडूवर ओहतानी बाद झाला. झेल घेणारा अ‍ॅलेक्स व्हर्डुगो हा बेट्‌सच्या बदल्यात एकेकाळी बॉस्टनला गेलेला खेळाडू! मग बेट्‌सला मुद्दाम पहिला बेस दिला, तिन्ही बेस भरले, आणि पुढच्याच चेंडूवर फ्रेडी फ्रीमनने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. सामना संपवणारा ग्रँड स्लॅम, वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला पहिला. समोरच्या डगआउटमध्ये होता डेव्ह रॉबर्ट्‌स.

आणि २०२५? टोरोंटोत वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, १ नोव्हेंबर. आदल्याच रात्री ९६ चेंडू टाकलेल्या योशिनोबू यामामोतोला रॉबर्ट्‌सने नवव्या इनिंगमध्ये बोलावलं. सरासरीने, शहाणपणाने, डॉक्टरांनी, कुणीही याला होकार दिला नसता. बरोबरी होती, नंतर बेस भरले, तेव्हा रॉबर्ट्‌सने मैदानाच्या मध्यभागी अँडी पाहेसला नव्याने उतरवलं, आणि सामना वाचवणारा झेल पाहेसनेच घेतला. यामामोतोने आठ बाद मिळवून दिले. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ ने जिंकले. टोरोंटोच्या चाहत्यांकडे मात्र त्या हिवाळ्यासाठी स्वतःचा प्रश्न उरला: नवव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवर उभा असलेला बदली धावपटू आयझाया काइनर-फलेफा बेसपासून इतका कमी पुढे का सरकला होता?

हे वाद दुरून ऐकण्यात मजा आहे, पण स्वतः घालण्यात त्याहून जास्त आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस वर्ल्ड सिरीजचे बहुतेक सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. एखादा लावून बघा. पहिल्या पिचरचे चेंडू मोजा, पुढचे तीन बॅटर कोण आहेत आणि बुलपेनमध्ये कोण उठलं आहे ते पाहा. सहाव्या-सातव्या इनिंगमध्ये मॅनेजर पायरी चढायच्या आत तुमचं उत्तर ठरवून मोठ्याने बोला, म्हणजे नंतर ते बदलता येणार नाही.